आवाज कोणाचा?

पहिली गोष्ट अशी की, माझं ग्रामोफोनशी वैर नाही. त्या बिचाऱ्याने माझं काही वाकडं केलेलं नाही. माझं भांडण आहे ते ग्रामोफोन बाळगणाऱ्या काही मंडळींशी, आणि त्याहून थोडं जास्त, ग्रामोफोन न बाळगणाऱ्या उरलेल्या सगळ्या जगाशी. बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला भांडणाची सवय असतेच. फक्त तिथे दुसरी बाजू भांडत असते आणि आपण शिक्के मारत असतो. इथे शिक्के बाजूला ठेवून मी स्वतः भांडणार आहे.

आवाजाच्या बाबतीत आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक 'पूर्वी'वाल्यांचा. यांचं म्हणणं, खरा आवाज तबकडीत होता, तो गेला आणि उरला तो नुसता कचरा. दुसरा पक्ष 'आता'वाल्यांचा. यांचं म्हणणं, आता सगळं मोबाइलमध्ये आहे, काही हरवत नाही, काळजी कसली? दोघेही चूक आहेत आणि गंमत म्हणजे दोघेही एकाच कारणाने चूक आहेत. आवाज कशात ठेवला यावर दोघे तावातावाने बोलतात. कोणाचा ठेवला, हे दोघांपैकी एकही विचारत नाही.

आधी 'पूर्वी'वाल्यांचा समाचार घेऊ, कारण ते वयाने मोठे आहेत.

आम्हां बडनेऱ्याच्या माणसांना संस्कृतीची फार तहान लागली की आम्ही दहाएक किलोमीटर अमरावतीला जातो. तिथे माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्याकडे तबकड्यांचं कपाट आहे. पाळण्यातून तान्हं बाळ उचलावं तशी ते पाकिटातून तबकडी काढतात, मखमलीच्या फडक्याने तिचं अंग पुसतात, सुई ठेवतात आणि डोळे मिटून म्हणतात, "ऊब! या आवाजातली ऊब बघा!" मे महिन्याची दुपार, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि कूलरची घरघर गाण्यात येते म्हणून कूलर बंद. ऊब मला पुरेपूर जाणवत होती. माझ्या सदऱ्यालाही जाणवत होती. वऱ्हाडात आणखी ऊब विकत आणून घरात का ठेवावी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण हे वेड आमच्या अमरावतीपुरतं नाही. अमेरिकेत २०२२ साली तबकड्या सीडींपेक्षा जास्त खपल्या. तिकडे निदान थंडी तरी असते.

या मंडळींना इतिहासाची आवड असते, म्हणून थोडा इतिहासच सांगतो.

जगात आवाज पहिल्यांदा टिपला तो पॅरिसच्या छापखान्यातल्या एका माणसाने. त्याचं नाव एदुआर-लेओं स्कॉत द मार्तँव्हिल. साल १८५७. काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या कंपनांनी रेघ उमटायची, असं त्याचं यंत्र होतं. आवाज डोळ्यांनी पाहावा, एवढाच हेतू. तो पुन्हा ऐकता यावा, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. म्हणजे पासबुकात नोंद चोख, पण पैसे काढायची सोयच नाही! १८६० साली त्याने अशा कागदावर एका फ्रेंच लोकगीताची रेघ काढून ठेवली. ती अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ साली संगणकाकडून वाचून घेतली आणि ऐकवली. एकशे अठ्ठेचाळीस वर्षांनी खातं उघडलं म्हणायचं. ऐकणाऱ्यांना वाटलं, एखादी लहान मुलगी गाते आहे. वर्षभरात लक्षात आलं की रेघ दुप्पट वेगाने वाजवली होती. वेग निम्मा केल्यावर मुलीचा बाप्या झाला. बहुधा स्वतः स्कॉतच. दीड शतकाने माणसाने तोंड उघडावं आणि लोकांनी विचारावं, "कोण गं बाई तू?"

पुढे १८७७ साली एडिसनने कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाज कोरला आणि पुन्हा वाजवून दाखवला. गंमत बघा, एडिसनला लहानपणापासून कमी ऐकू येत असे. जगाला ऐकायचं यंत्र दिलं ते एका बहिऱ्याने. आमच्या बँकेत अर्थशास्त्राची पदवी असलेल्या माणसाला कर्ज फिटत नाही, त्यातलाच हा प्रकार. तो पत्रा चार-दोन वेळा वाजवला की संपला. मग मेणाचे नळकांड्यासारखे सिलिंडर आले. १८८७ साली एमिल बर्लिनरने सपाट तबकडी काढली, आणि एका साच्यावरून हजारो प्रती छापता येऊ लागल्या.

आता एक बारीक गोष्ट सांगतो. ती 'पूर्वी'वाले कधी सांगत नाहीत. एडिसनच्या सिलिंडरच्या यंत्रावर घरच्या माणसाला स्वतःचा आवाज भरता येत असे. तबकडीच्या यंत्रावर ती सोय राहिली नाही. आवाज कंपनी भरणार आणि आपण पैसे देऊन ऐकणार. म्हणजे ज्या ग्रामोफोनची आरती चालली आहे, त्याने पहिलं काम कोणतं केलं, तर घरातल्या माणसाचं तोंड बंद केलं आणि नुसते कान शिल्लक ठेवले.

तबकडी होती तरी कशाची? लाखेची. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किडे लाख करतात, ती गोळा करून, शुद्ध करून आपल्या देशातून जगभर जात असे. आपल्याकडे पळस फुलला की कवी जागे होतात. त्याच झाडावरचा किडा मुकाट्याने जगाच्या गाण्याची सोय करत होता, त्याच्यावर ओळ लिहायला कोणी नाही. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेत जुनी रेकॉर्ड दुकानात आणून द्या, मगच नवी मिळेल, असा नियम निघाला होता. आपल्या बोहारणीचाच धंदा. त्या भट्टीत किती गळे वितळले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आणि ती सुप्रसिद्ध ऊब? १९२५ सालापर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने एका कर्ण्यात तोंड घालून ओरडायचं. गळा पातळ असेल तर पुढे सरकायचं, तान जोराची आली तर मागे हटायचं. साथीदार कर्ण्यापासून लांब, त्यामुळे गायक समोर, तबला शेजारच्या खोलीत आणि तंबोरा मूर्तिजापूरला, असं ते ऐकू येतं. वेळ तीन-साडेतीन मिनिटं. मैफलीत जो राग नुसतं आसन मांडायला पाऊण तास घेई, त्याला इथे चपला न काढता येऊन जायचं होतं. तरीही त्या गायकांनी त्यातून जे काढलं ते अफाट आहे, त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण ती करामत त्यांच्या गळ्याची. यंत्राचं श्रेय यंत्राला तेवढंच द्यावं, जेवढं आपण टपाल पोचवल्याचं पोस्टमनला देतो.

कोणाचा आवाज, हा प्रश्न इथून सुरू होतो. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला यंत्र घेऊन आला. पहिल्याप्रथम त्याच्यासमोर गायल्या त्या नाटक कंपनीतल्या मुली. मग गौहरजान. प्रतिष्ठित घरांनी नाकं मुरडली, मोठमोठे गवई बिचकले. आल्या त्या बायका, ज्यांना त्या काळच्या सभ्य समाजाने आपल्या माजघरात उभं केलं नसतं. आणि काही वर्षांत त्याच समाजाच्या दिवाणखान्यात त्यांचेच आवाज घुमू लागले. या एका गोष्टीसाठी मी तबकडीला शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे.

गौहरजान गाणं संपलं की शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगत असे. कारण असं सांगतात की, तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला ठुमरी काय आणि दादरा काय. कोणतं गाणं कोणाचं हे त्याला कळावं कसं? म्हणून बाईने आपली ओळख आवाजातच घालून दिली. आज आम्ही ज्याला केवायसी म्हणतो आणि ज्यासाठी ग्राहकाच्या शिव्या खातो, ते या बाईने सव्वाशे वर्षांपूर्वी आपणहून केलं होतं. हे जरा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

जे बिचकले, त्यांचं काय झालं? भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्वांचे गुरू, केवढा मोठा गवई! आज त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ सालापर्यंत होते, तबकड्यांचा सुकाळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला, पण आपला आवाज यंत्राला दिला नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं आकाशात सोडली. प्रत्येकात तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. परग्रहावरच्या कोणाला सापडलीच तर पृथ्वी कशी ऐकू येते ते त्याला कळावं म्हणून. त्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. यानं सुटली ऑगस्ट-सप्टेंबरात आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला. एका यानाने २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची हद्दसुद्धा ओलांडली. गुरूचा आवाज पृथ्वीवर नाही आणि शिष्येचा सूर्यमालेबाहेर चालला आहे. एकाने 'नको' म्हटलं आणि एकीने 'हो' म्हटलं, त्यातला हा फरक. तबकडीबरोबर सुईसुद्धा दिली आहे आणि ती कशी लावायची त्याचं चित्रही. आमच्याकडे साधा मिक्सर घेतला तर त्याचं झाकण वेगळं विकत घ्यावं लागतं.

त्या तबकडीत पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठीही आहे. ऐकून छाती फुगली. मग शुभेच्छा ऐकली आणि निम्मी हवा गेली. मराठी स्वच्छ आहे, शुद्ध आहे, पाठ्यपुस्तकातली आहे. उद्या परग्रहावरचा एखादा पाहुणा ती ऐकून, तेवढं मराठी शिकून बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत उतरला आणि एखाद्या म्हातारीने त्याला विचारलं, "काहून आला गा? जेवला काय?" तर तो बिचारा यान फिरवून परत जाईल. चुकीच्या ग्रहावर आलो म्हणेल.

हसू नका. इथेच माझं भांडण आहे.

वऱ्हाडी बोलीची अधिकृत दखल घेतली ती एका आयरिश साहेबाने. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडीचे नमुने छापलेले आहेत. उधळ्या मुलाची बायबलातली गोष्ट त्याने देशभरच्या बोलींतून सांगून घेतली. पुढे याच साहेबाने सरकारच्या मागे लागून निरनिराळ्या प्रांतांतल्या भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या करवून घेतल्या. त्या आज शिकागो विद्यापीठाच्या कृपेने कोणालाही ऐकता येतात. म्हणजे विलायतेच्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळलं की इथल्या साध्या माणसाचं बोलणं तबकडीत ठेवण्याजोगं आहे. आपल्याला अजून कळतंय, चाललंय.

आता कॅसेट. आवाज लोखंडी तारेवर चुंबकाने धरायची युक्ती डेन्मार्कच्या पोल्सनने १८९८ साली काढली. मग तारेची फीत झाली. पण ती फीत सामान्य माणसाच्या हातात आली १९६३ साली, फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली तेव्हा. ती काढणारा लू ऑटेन्स नावाचा डच इंजिनीअर खिशात लाकडाचा ठोकळा घालून पाही, की यंत्र या मापाचं झालं पाहिजे. ऐंशीच्या दशकात हे यंत्र आपल्या घरोघर आलं. रेडिओशेजारी बसलं, त्याच्यावर भरतकामाचा रुमाल आला. त्याला एक लाल खुणेचं बटण होतं. तबकडीने बंद केलेलं घरच्या माणसाचं तोंड या लाल बटणाने पुन्हा उघडलं. केवढी क्रांती! आणि त्या उघडलेल्या तोंडातून आपण काय बोललो? "हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री, टेस्टिंग." त्यापुढे बोलायला आपल्याकडे काही नव्हतं. मग गाण्यांची यादी घेऊन दुकानात गेलो आणि साठ मिनिटांची कॅसेट भरून आणली. उरलेलं आयुष्य पेन्सिलीने फीत गुंडाळण्यात गेलं.

आमच्या घरी मात्र एक कॅसेट निराळी होती. १९८८ च्या दिवाळीत माझ्या मोठ्या काकांनी आजीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि तिला बोलतं केलं. आजी दर्यापूरकडची. लग्न होऊन बैलगाडीने आली तेव्हा रस्त्यात नदीला पूर कसा आला, सासूने मुंगवड्या मोजून कशा ठेवल्या होत्या, सरकीचा भाव पडला त्या वर्षी आजोबांनी काय विकलं, असं सगळं ती पाऊण तास बोलली. मध्येच तिने विचारलं होतं, "काहून रे, हे डबडं माह्यं बोलणं खाऊन राह्यलं काय?" दोन वर्षांनी आजी गेली. आणखी एका वर्षाने माझ्या धाकट्या काकांना मित्राच्या वरातीसाठी कोरी कॅसेट पाहिजे होती. कोरी सापडली नाही. वर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी हीच घेतली आणि तिच्यावर नाचायची गाणी भरली. वरात जोरात झाली म्हणे.

त्या कॅसेटवर शेवटी, गाणी संपल्यावर, थोडी फीत उरली होती. तिच्यात आजी अजून आहे. अकरा सेकंद. म्हणते, "आता बंद कर बाप्पा, मी चहा मांडतो." आमच्याकडच्या जुन्या बायका 'मांडते' म्हणत नसत, 'मांडतो' म्हणत. पुण्याच्या माझ्या एका साहेबाला हे ऐकवलं, तर तो म्हणाला, "तुमच्या आजोबांचा आवाज जरा नाजूक आहे." स्कॉतच्या उलट झालं म्हणायचं.

धाकट्या काकांवर मी रागावत नाही. नवी कॅसेट पंधरा-वीस रुपयांना होती आणि काकांना नोकरी नव्हती. शिवाय त्यांची संगत थोरामोठ्यांची आहे. चंद्रावर माणूस उतरला त्या १९६९ सालच्या मूळ चित्रफिती अमेरिकेच्या नासाने पुसून पुन्हा वापरल्या, हे त्यांनी २००९ साली स्वतःच जाहीर केलं. बीबीसीने आपले कित्येक कार्यक्रम असेच पुसले. फीत महाग आणि कपाट लहान, हे कारण सगळीकडे एकच. फरक एवढाच की चंद्रावर उतरल्याची नक्कल दुसरीकडे कुठेतरी होती. दर्यापूरच्या पुराची नव्हती.

इथे 'आता'वाले उड्या मारत येतात. माझा पुतण्या म्हणतो, "काका, आता असं होतच नाही. सगळं क्लाऊडवर असतं." अरे बाबा, वऱ्हाडातल्या माणसाला ढगावर विसंबून राहायला सांगतोस? आमच्या तीन पिढ्या ढगांकडे बघण्यात गेल्या. ढग येतो, दिसतो, गडगडतो आणि वर्ध्याला जाऊन पडतो.

क्लाऊडवर आहे तरी काय, ते एकदा बघा. ए-यू-डी अशी तीन अक्षरं आणि पुढे आगगाडीएवढा आकडा, अशा नावाच्या दोन-चारशे ध्वनिफिती प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पडून आहेत. त्यांत कुठेतरी आईने "येताना कोथिंबीर आण" म्हटलेलं आहे, कुठेतरी मामाने शेवटचं "बरं वाटतंय" म्हटलेलं आहे, आणि कुठेतरी कोणाच्या तरी साडूने पाठवलेला सुविचार आहे. कोणतं कुठे, कोणाला ठाऊक नाही. जागा भरली की मोबाइल विचारतो, पुसू का? आपण म्हणतो, पूस. धाकट्या काकांनी एक कॅसेट पुसली, तर घराण्यात तीस वर्षं बोलणं झालं. आपण महिन्याला तसल्या दहा पुसतो आणि वर मोबाइल हलका झाला म्हणून खूश होतो. गौहरजानने निदान नाव तरी सांगितलं होतं.

लग्नाचं शूटिंग घ्या. सहा तासांचं असतं. सगळे नातेवाईक, सगळ्या आत्या, सगळ्या मावश्या त्यात बोलताना दिसतात. दिसतात, म्हणजे दिसतातच फक्त. कारण शूटिंगवाला सगळा आवाज काढून टाकतो आणि वर सिनेमाचं गाणं चढवतो. म्हातारी आजी नवरीच्या कानात काहीतरी सांगते आहे, तिचे ओठ हलताहेत, डोळे भरलेत, आणि आवाज मुंबईच्या पार्श्वगायिकेचा! त्या आजीने काय सांगितलं ते नवरीलाही पुढे आठवत नाही. वरातीच्या गोंगाटात तिला ऐकूच आलं नव्हतं.

मग आज वऱ्हाडी माणसाचं बोलणं कोणी ध्वनिमुद्रित करतंय का? करतंय तर! कुठल्याही तक्रार-क्रमांकावर फोन लावा. एक गोड बाई सांगते की गुणवत्तेसाठी हे संभाषण ध्वनिमुद्रित केलं जाऊ शकतं. त्यानंतर पीकविम्याचे पैसे न मिळालेला आमचा शेतकरी जे बोलतो, ते अस्सल, ठसठशीत, कोणत्याही प्रमाण भाषेचा विटाळ न झालेलं वऱ्हाडी असतं. माझी खात्री आहे की आजच्या घडीला वऱ्हाडी बोलीचा सर्वांत मोठा संग्रह कुठल्यातरी कॉल सेंटरच्या तळघरात आहे. त्यातला निम्मा छापण्याजोगा नाही, ही गोष्ट वेगळी. आणि आमच्या बडनेरा जंक्शनवर दिवसभर जो ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येतो, त्यात 'दिलगीर' हा शब्द एकदाच कधीतरी म्हणून ठेवलेला आहे. गाडी दहा मिनिटं उशिरा असो की पाच तास, दिलगिरी तेवढीच.

आता गंभीर गोष्ट. आमच्या जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. जन्मभर गावं झाडली आणि कीर्तनं केली. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा सगळा ग्रंथ त्यांच्या तोंडात होता. समोर हजारो माणसं बसवायची आणि त्यांना वऱ्हाडीतून प्रश्न विचारत विचारत कोपऱ्यात गाठायचं, अशी ती रीत. १९५६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं, त्याचं ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं. त्यानंतर दीडेक महिन्यात, २० डिसेंबरला, वलगावजवळ बाबा गेले. ते कीर्तन छापलेलंही आहे, मी वाचलंही होतं. पण ऐकलं तेव्हा कळलं की मी काहीच वाचलं नव्हतं. बाबा विचारतात, लोक उत्तर देतात, बाबा थांबतात. ते थांबणं छापता येत नाही. थकलेला गळा, आणि त्यातून निघालेला तो करडा, मायेचा सूर छापता येत नाही. ज्या माणसाने हजारो कीर्तनं केली, त्याचा आवाज आपल्याला भेटतो तो असा, मुंबईच्या पोलिसांच्या आवारात कोणीतरी यंत्र लावलं म्हणून. तेही कीर्तन ओसरीवर झालं असतं तर?

'पूर्वी'वाले म्हणतील, अहो, गाडगेबाबा ते गाडगेबाबा; तुमच्या आजीचं मुंगवड्यांचं बोलणं कोण ऐकणार? याला माझ्यापेक्षा एडिसनच उत्तर देईल. आपलं यंत्र कशाकशाला उपयोगी पडेल याची यादी त्याने १८७८ साली एका मासिकात छापली होती. दहा कलमांची. पहिलं कलम पत्रं सांगून लिहवून घेण्याचं, म्हणजे आम्हां कारकुनांच्या पोटावर पाय. अंधांसाठी बोलकी पुस्तकं त्यात आहेत. गाणं आहे, पण चौथ्या नंबरावर. आणि पाचव्या नंबरावर आहे घरच्या माणसांच्या आवाजाची नोंद, त्यांच्या आठवणी, मरताना बोललेले शब्द. आठव्या नंबरावर आहे भाषा जशा बोलल्या जातात तशा जपून ठेवणं. गाण्याला त्याने यादीत जागा दिली, आपण त्याला सगळं घर दिलं आणि बाकीच्यांना बाहेर काढलं.

ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी करूनही दाखवलं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. जमता जमता ओव्यांची संख्या लाखावर गेली आणि त्या म्हणणाऱ्या बायांची तीन हजारांवर. नव्वदच्या दशकात त्यांतल्या कित्येक ओव्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित झाल्या. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. कोणी ओवी म्हटली, कोणत्या गावी, हे सगळं तिथे नोंदलेलं आहे. जाती गेली, पिठाची गिरणी आली, दळणाऱ्या बायाही एकेक करून चालल्या. पण ज्यांना आयुष्यात कोणी "तू बोल, मी ऐकतो" म्हटलं नव्हतं, त्यांचे आवाज राहिले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या तबकडी-संग्राहकांच्या संस्थेनेही भंगारातून किती गळे वाचवले! तबकड्या जमवणाऱ्या अशा माणसांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते कपाटाला कुलूप लावून 'ऊब, ऊब' करणाऱ्यांशी.

तेव्हा मागणी साधी आहे. येत्या रविवारी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर बसा. मोबाइल उशीशेजारी ठेवा, नाकासमोर धरू नका. नाहीतर म्हातारं माणूस घाबरून पाहुण्यांशी बोलावं तसं पुस्तकी बोलू लागतं. पंखा बंद करा. (तेवढी ऊब सोसा.) आधी तुम्ही बोला: हे कोण, गाव कोणतं, तारीख काय. मग विचारा, लग्नाची वरात कशी आली? पहिला रेडिओ कोणाकडे होता? दुष्काळात काय खाल्लं? आणि गप्प बसा. "आई, ते नाही गं, हे सांग" असं मध्ये मध्ये करू नका. झालं की त्याला नाव द्या, दोन प्रती काढा, दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. बहिणीकडे ठेवली तर उत्तम, बहिणी वस्तू हरवत नाहीत. आणि वर्षातून एकदा ऐका. व्यवहार नसलेलं खातं दोन वर्षांनी निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. अर्ज केला तर ते परत तरी मिळतात. आवाजासाठी असा अर्जाचा नमुना अजून निघालेला नाही.

म्हातारं माणूस "मले काय येते बोलता?" असं म्हणेल. सगळे म्हणतात. आमच्या नव्या वस्तीतल्या शेजारच्या काकूही तसंच म्हणाल्या होत्या. त्यांच्या मुलाने माझ्या आग्रहाखातर मोबाइल ठेवला. काकू अडीच तास बोलल्या, मधल्या काळात दोनदा चहा झाला आणि बॅटरी संपली तेव्हा गोष्टीतली गाडी नुकती कुठे अकोल्याला पोचली होती. मुलगा चार्जर आणायला उठला, तर काकू त्याला म्हणाल्या, "जाऊ दे, आता उद्या ये. पण येजो बरं."

तो गेला, ही चांगली बातमी आहे. तुमच्या घरी कोणी असं वाट बघत बसलं असेल, तर तुम्हीही हा लेख बाजूला ठेवून आता उठावं.